चोराचं शुद्धलेखन

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकणं आता कमरेपर्यंतच जमतं, पुढचं तू समजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाचा सांगत होता, डॉक्टरांनी दिलेली काठी तू दाराआड लपवतेस आणि कोणी आलंच तर ती सुनेची आहे म्हणतेस. असं करू नये. म्हातारपण लपत नाही, काठी मात्र ऐन वेळी सापडत नाही. इकडे मी बरा आहे. खोकला जुनाच, दात थोडे कमी झालेत, बाकी हिशेब जिथल्या तिथे.

तुझं पत्र काल मिळालं. फोनवर आलेला मेसेज तू तुझ्या त्या मोत्यांच्या अक्षरात पत्रात उतरवून मला तपासायला पाठवलास, हे बघून आधी हसू आलं, मग हसू गेलं. मेसेजात होतं : तुमचं पार्सल अडकलं आहे, चोवीस तासांत पत्ता आणि कार्डाचा क्रमांक कळवा, नाहीतर ते परत जाईल. खाली तुझा प्रश्न : यात एकही चूक मला सापडली नाही, तेव्हा हा खरा समजू ना? ताई, चोवीस तासांची मुदत असलेली गोष्ट तू टपालाने विचारलीस आणि टपालाला पाच दिवस लागले, एवढ्यावरच तू वाचलीस. पत्र हातात धरूनच मी भाच्याला फोन लावला. तू क्रमांक कोणालाही दिलेला नाहीस, हे त्याने तुला विचारून मला सांगितलं. (तू त्याच्यावर ओरडलीस, तेही सांगितलं.) तो मेसेज खोटा आहे. मुळात तू पार्सल मागवलेलंच नाहीस, मग ते अडकेल कुठून? आणि 'शुद्धलेखन बरोबर, म्हणजे मजकूर खरा' हा जो नियम तू पत्रात लिहिलास, तो माझाच. दोन वर्षांपूर्वी मीच तुला मोठ्या ऐटीत सांगितला होता. तो मी आज मागे घेतो. का घेतो, ते सांगायला हे पत्र.

तुला माहीतच आहे, छापखाना बंद पडला तेव्हापासून मला कामधंदा नाही. एकोणचाळीस वर्षं मुद्रितं तपासली. लग्नपत्रिकांपासून कायद्याच्या पुस्तकांपर्यंत सगळ्यांची वेलांटी माझ्या लाल पेनाखालून गेली. मग एक दिवस मालकांनी यंत्रांवर चादर टाकली आणि मला एक शाल देऊन घरी पाठवलं. त्यानंतर तपासायला काही राहिलं नाही. दुकानांच्या पाट्या वाचून जीव कासावीस व्हायचा, पण शिडी लावून पाटी दुरुस्त करू लागलो तर लोक वेडा म्हणतील, म्हणून मान खाली घालून चालायला शिकलो. अशात फोनवर हे फसवणुकीचे मेसेज यायला लागले आणि माझे दिवस पालटले. इमारतीतली माणसं फोन घेऊन तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे यायची. मी चष्मा पुसायचो, वाचायचो आणि निकाल द्यायचो. 'माहीती'? खोटा. 'ताबडतोप'? चोर. लोक मान डोलवून खाली जायचे. मला प्रूफमास्तर म्हणायला लागले. ताई, शाल मिळाली त्या दिवशीही मला एवढा मान मिळाला नव्हता. मग मी त्याचा नियमच केला. चोराला घाई असते, घाईत ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, म्हणून चूक दिसली की चोर समजावा आणि चूक नसेल तर निर्धास्त असावं. नियमाचा पहिला अर्धा भाग बरा होता. दुसऱ्या अर्ध्याने घात केला.

तळमजल्यावर नर्सबाई राहतात. तू त्यांना भेटलेली नाहीस. सरकारी इस्पितळात तीस वर्षं नोकरी केली, आता एकट्या असतात. इमारतीत कोणाला इंजेक्शन हवं, कोणाची जखम बांधायची, की लोक त्यांच्याकडे जातात. दर गुरुवारी त्या मला खुर्चीत बसवून रक्तदाब मोजतात आणि जो आकडा येईल त्यावरून मला रागावतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनसाठी पेन्शनीतून पैसे बाजूला टाकत होत्या, पुरेसे झाले तेव्हा तारीखही घेतली होती. तोवर गळ्यात एक भिंग अडकवून फिरायच्या आणि त्यातून सगळं वाचायच्या, अगदी औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा. माझा नियम इमारतीत सगळ्यांनी ऐकला, पण पाळला तो नर्सबाईंनीच. नियम पाळण्यात त्यांचा जन्म गेला.

आता माझं पाप ऐक. गेल्या महिन्यात मला एक मेसेज आला. तो मला अजून पाठ आहे : 'प्रीय ग्राहक, तुमचे खाते आज संध्याकाळि बंद होनार आहे. खाते चालु ठेवन्यासाठी खालील लिंकवर आपली माहीती ताबडतोप भरा. गैरसोयीबद्द्ल माफि.' तीन वाक्यांत नऊ चुका. पुसून टाकायला हवा होता. मी तो पुसला नाही. आधी हसलो, मग बोटं शिवशिवली, आणि मग (चोराला जरा लाज वाटावी, एवढाच हेतू आहे असं मी स्वतःला बजावलं) सगळा मजकूर दुरुस्त करून त्याच नंबरावर परत पाठवला. नुसती दुरुस्ती केली असती तरी एक वेळ चाललं असतं. मी भाषाही सुधारली. 'प्रिय ग्राहक, आपले खाते आज सायंकाळी बंद होत आहे. ते चालू राहावे यासाठी खालील दुव्यावर आपली माहिती भरावी. आपणांस होणाऱ्या तसदीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' शिवाय खाली टीप दिली की खरी संस्था 'ताबडतोब' असा शब्द वापरत नाही, तिला घाई नसते.

पाच मिनिटांत उत्तर आलं : 'धन्यवाद सर.' बिनचूक. ताई, एकोणचाळीस वर्षांत एकाही लेखकाने मला धन्यवाद म्हटलं नव्हतं. पुस्तक छापून आलं की चूक राहिली तर माझी आणि चूक नसली तर त्यांची विद्वत्ता. आणि इथे हा कुठला कोण चोर मला सर म्हणतोय! दुसऱ्या दिवशी त्याचा प्रश्न आला, 'सर, कृपया लिहिल्यावर पुढे भरावी येते की भरा?' मी उत्तर दिलं. सविस्तर दिलं, उदाहरणांसहित. तिसऱ्या दिवशी त्याने 'आपणांस'वरचा अनुस्वार हल्ली कोणी देत नाही, ठेवू का, असं विचारलं. मी म्हटलं, ठेव, त्याने वजन येतं. कामाला बसल्यासारखा मी सकाळी अंघोळ करून, फोन समोर घेऊन बसत होतो. तुझ्यापासून काय लपवायचं, त्या तीन दिवसांत मला भूकही चांगली लागली.

पुढच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला दार वाजलं. नर्सबाई. तीन जिने चढून धाप लागलेली, एका हातात फोन, दुसऱ्या हातात भिंग. खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या नियमाने तपासलं हो. एक-एक अक्षर, पाच वेळा. वेलांटी नाही चुकली, उकार नाही चुकला. म्हणून मग माहिती भरून टाकली. फोनवर सहा आकडे आले, तेही त्यात मागितले होते, तेही भरले. आता हे पैसे गेल्याचे मेसेज येतायत, ते कसले?"

मी फोन हातात घेतला. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं, आणि मग 'आपणांस होणाऱ्या तसदीबद्दल'. अनुस्वारासकट. आणि ताई, मी देवाशपथ खरं सांगतो, पहिल्या क्षणाला मला आनंद झाला. आपला मजकूर छापून आला आणि त्यात एकही चूक नाही, असा मुद्रितशोधकाला होतो तो आनंद. तो क्षणभरच टिकला. पण झाला होता, हे मी विसरू शकत नाही. दुसऱ्या क्षणाला वरचा नंबर बघितला. तोच होता. त्या दिवशी इमारतीत सहा जणांना तोच मेसेज आला होता, हे नंतर कळलं. बाकीच्या पाच जणांनी तो वाचलाच नव्हता. (वाचनाची आवड नसणं हाही गुण असू शकतो, हे मला इतक्या वर्षांनी समजलं.) वाचला तो एकट्या नर्सबाईंनी, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, पाच वेळा.

मग गडबड उडाली. माझा फोन शोधण्यात पंधरा मिनिटं गेली आणि आम्ही निघालो. नर्सबाई चपला न घालताच निघाल्या होत्या, कोपऱ्यावर लक्षात आलं, पण परत फिरायला त्या तयार होईनात. बँकेत रांग होती. रांगेत उभं राहणं त्यांच्या हाडात भिनलेलं, त्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना हाताला धरून पुढे नेलं. काउंटरवर एक मुलगी होती, आपल्या नातीच्या वयाची. तिने चेहरे बघितले आणि काय झालं असेल ते ओळखलं. नर्सबाई आपल्याला कसं फसवलं ते पहिल्यापासून सांगायला लागल्या, मध्येच 'मी एवढी शिकलेली बाई' म्हणून डोळे पुसायला लागल्या, तेव्हा ती म्हणाली, "आजी, रडायला नंतर वेळ आहे. आधी मला फोन द्या." तिने खातं गोठवलं, कार्ड बंद केलं, कुठे कुठे फोन लावले. तीन वेळा पैसे गेले होते. चौथ्यांदा जाणार होते, ते थांबले. उरलं ते एकूणाच्या पाव हिश्श्याहून कमी. मग तिने घड्याळाकडे बघत, कोणाला दोष द्यायचा म्हणून नाही, सहज सांगितलं, "तिसरे आत्ताच गेलेत. पाव तास आधी आला असतात तर तेही राहिले असते."

तिथून पोलीस चौकी. हवालदार भला माणूस, पण त्याने तक्रार लिहायला घेतली ती 'फसवनूक' या शब्दाने. पुढे 'वयोवृध्द', 'बँकेचि', 'अद्न्यात'. मी समोरच्या बाकावर बसून कागदाकडे उलटा बघत होतो आणि मला घाम फुटला होता. नर्सबाईंनी माझा दंड धरला आणि कानात म्हणाल्या, "सांगा ना मास्तर, चुका आहेत ना?" मी म्हटलं, असू द्या. आयुष्यात पहिल्यांदा मी डोळ्यांसमोर चूक सोडून दिली. तो कागद अशुद्ध होता आणि त्यातलं प्रत्येक अक्षर खरं होतं.

चौकीबाहेर पिंपळपार वगैरे काही नाही, एक सिमेंटचा कठडा आहे. तिथे आम्ही बसलो आणि मी त्यांना सगळं सांगितलं. पहिली दुरुस्ती, चोराचे प्रश्न, माझी उत्तरं, सगळं. मग त्यांनी माझं मनगट धरून नाडी बघितली आणि शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, दिवा लावणाऱ्याने उजेड कोणाच्या कामी येईल हे विचारून दिवा लावायचा नसतो. तुम्ही आपलं काम केलंत, त्याने त्याचं केलं." मी रडलो. त्यांनी पदराने माझा चष्मा पुसून दिला आणि आम्ही हळूहळू घरी आलो. अशी ही बाई. तर ताई, झालं ते झालं, माझं मन आता मोकळं आहे, तू काळजी करू नकोस.

तू एवढंच कर. मेसेज सुंदर आहे की गबाळा आहे, हे बघू नकोस. तो काय मागतो, ते बघ. कार्डाचा क्रमांक, फोनवर आलेले आकडे, जन्मतारीख, यांतलं काहीही मागितलं की फोन खाली ठेव आणि स्वतः बँकेत जा, काठी घेऊन. कोणी साहेब बोलतोय म्हणाला तरी ठेव. भाचा बोलतोय म्हणाला तरी एकदा ठेव आणि आपणहून त्याला लाव. आणि चुकून काही दिलंच गेलं, तर लाजत बसू नकोस, त्याच मिनिटाला सांग. पैसे चोर नेतो हे खरं, पण त्याला वेळ आपली लाज देते.

भाच्याला आशीर्वाद, सूनबाईंना नमस्कार, धाकट्या नातीला पापा. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : तुझ्या पत्रात 'खात्री' हा शब्द एका ठिकाणी 'खात्रि' असा पडला आहे. राहू दे. तो वाचून हे पत्र नक्की तुझंच, असं वाटलं.

ता. क. २ : पाकिटाला डिंक लावला होता, तो परत उघडला. चौकीबाहेरचा कठडा खरा आहे. बाकी तिथलं मी लिहिलं ते काहीच घडलेलं नाही. कठड्यावर बसून मी नर्सबाईंना सरबत पाजलं आणि हवामानाबद्दल बोललो. दिव्याचं आणि उजेडाचं ते वाक्य माझं आहे, तीनदा खोडून लिहिलेलं. त्या असं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या होत्या, "माझी अक्कल कुठे गेली होती हो, मास्तर?" आणि मी गप्प राहिलो. आणखी एक. ती पंधरा मिनिटं माझा फोन हरवला नव्हता, तो खिशातच होता. नर्सबाईंना पाणी देऊन मी आत गेलो आणि चोराशी झालेलं सगळं बोलणं एक-एक करून पुसत बसलो. आत असतानाच बाहेर त्यांच्या फोनची घंटा वाजलेली मला ऐकू आली. ते तिसरे पैसे. हवालदाराने नंतर विचारलं, हा नंबर कोणाच्या ओळखीचा आहे का, तर मी नाही म्हटलं.

मग जीव राहवेना. छापखान्यातून सुटताना मिळालेली रक्कम बँकेत पडून होती. गेल्या आठवड्यात ती काढली, डोक्याला माकडटोपी आणि डोळ्यांना काळा चष्मा लावला (भर दुपारी, अंगाची लाही होत असताना) आणि पैसे भरायच्या यंत्रातून नर्सबाईंच्या खात्यात टाकली (खात्याचा क्रमांक तक्रारीच्या कागदावर वाचला होता). वाटलं, बँकेने परत दिले असं त्या समजतील, ऑपरेशन होईल आणि मी सुटेन. झालं उलटंच. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तशी बाई तडक बँकेत गेली. म्हणाली, हे माझे नाहीत, हे लोक आधी टाकतात आणि मग सगळंच घेऊन जातात, आता मी फसणार नाही. त्या मुलीने त्यांना शाबासकी दिली आणि पैसे अडकवून ठेवले. यंत्रावर कॅमेरा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. परवा नर्सबाई एक कागद घेऊन वर आल्या. वर बँकेने त्या कॅमेऱ्यातून काढून दिलेला माझा माकडटोपीतला फोटो, खाली त्यांच्या हाताने लिहिलेलं, 'या इसमास ओळखनाऱ्याने तळमजल्यावर कळवीणे'. जिन्यात लावायच्या आधी मास्तरांनी एकदा बघून द्यावं, म्हणून आणला होता. दोन चुका होत्या. हात सवयीने चालला, दोन्ही दुरुस्त झाल्या. मग त्यांनी भिंगातून फोटो निरखला आणि विचारलं, "मला मेलीला नीट दिसत नाही. तुम्हाला कोणी ओळखीचा वाटतो का?" मी नाही म्हटलं. जाताना म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून धीर आहे." आता तो कागद जिन्यात आहे आणि दिवसातून चार वेळा मी माझ्या शेजारून खाली-वर करतो. गुरुवारी रक्तदाब मोजायला गेलो नाही. मागच्याही गुरुवारी नाही.

ता. क. ३ : ताई, ये. मला एकट्याला सांगता येत नाहीये. तुझ्यासमोर मी कधी खोटं बोलू शकलो नाही. (लिहून मात्र जमतं, हे याच पत्रात कळलं.) रविवारी सकाळची गाडी धर, भाचा बसवून देईल, त्याच्याशी मी बोललोय. आलीस की वर माझ्याकडे येऊ नकोस. तीन जिने तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाहीत, आणि झेपत असले तरी येऊ नकोस. नर्सबाईंच्याच घरी उतर. बहीण येणार आहे, तिला खाट लागेल, असं सांगून मी विचारून ठेवलंय, त्यांनी आनंदाने हो म्हटलं. तिथे बसलीस, पाणी प्यालीस, की जिन्याशी येऊन मला हाक मार. मोठ्याने मार, मी ऐकू आलं नाही असं करीन. तीनदा मारलीस की मला खाली यावंच लागेल.